राजाश्रयापासून अनुदानापर्यंत : कोल्हापूरच्या स्टुडिओंची गोष्ट

इतिहासाच्या आपल्या या भागांमध्ये शाळा झाल्या, धरणं झाली, सूतगिरण्या झाल्या. आज आम्ही सिनेमाचा विषय घेऊन आलो आहोत. हसू नका. नट-नट्यांच्या लग्नांची चर्चा आम्ही करणार नाही. सिनेमा काढायला जागा लागते, भांडवल लागतं, रोज कामाला येणारी शेकडो माणसं लागतात. त्यासाठी आधी राजाने आणि मग सरकारने तिजोरी उघडली. सरकारची तिजोरी म्हणजे तुमची-आमचीच. तेव्हा तो पैसा कुठे गेला, कशाने काम उभं राहिलं आणि कशाने नुसत्या भिंती उभ्या राहिल्या, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. आणि हे बघायला कोल्हापूरइतकं चांगलं गाव दुसरं नाही.

सुरुवात मात्र कोल्हापूरच्या बाहेर, मुंबईत, एका बाईच्या दागिन्यांपासून करावी लागते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तेव्हा त्यांच्या मागे ना सरकार होतं ना बँक. मागे होत्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. भांडवलासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. चित्रीकरणाला आलेल्या पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला. रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं काम त्यांनी केलं, रसायनं कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवला. आपल्या सिनेमाचं पहिलं अनुदान कोणी दिलं असं कोणी विचारलं तर आम्ही सरस्वतीबाईंचं नाव सांगू. सरकारदरबारी तशी नोंद नाही, ही गोष्ट वेगळी.

फाळक्यांचं ते चित्र पाहून कोल्हापूरचे दोन भाऊ वेडे झाले. बाबूराव आणि आनंदराव मेस्त्री. दोघे नाटकाचे पडदे रंगवायचे, मूर्ती घडवायचे, म्हणून लोक बाबूरावांना पेंटर म्हणत आणि पुढे तेच आडनाव झालं. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तर यांनी कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने ते काम पुरं केलं. लेथवर एकेक भाग कातून, बिघडला की पुन्हा करून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता झाला. त्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

हिला पैसा कोणी दिला? गायिका तानीबाई कागलकर यांनी. हे नाव लक्षात ठेवा, कारण सिनेमाच्या गोष्टी सांगताना ते बहुतेक वेळा गळतं. त्या काळी गाणाऱ्या बाईला समाज मान देत नव्हता, तिचं गाणं मात्र ऐकत होता. त्या गाण्यावर मिळवलेला पैसा तानीबाईंनी अशा धंद्यात घातला, ज्याला लोक वेडेपणा म्हणत होते.

आणि कंपनीला आश्रय दिला छत्रपती शाहू महाराजांनी. ज्या राजाने राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच राजाने कुस्तीसाठी खासबागेचं मैदान केलं, नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधलं आणि अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारात ठेवलं. कलेला पैसा देणं ही त्यांच्या राज्यकारभारात चैन नव्हती. राजाचा हात पाठीवर आहे म्हटल्यावर बाजारपेठेतला व्यापारीही उसने देताना फार खळखळ करत नाही. गटाच्या अध्यक्षा सोबत असल्या की बँकेतला साहेब जसा खुर्ची पुढे करतो, तसंच.

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. फाळक्यांना पहिल्या चित्रात तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नव्हती, ते काम एका पुरुषाने केलं होतं. त्याच वर्षी पुढच्या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली, म्हणून त्या पहिल्या. कोल्हापुरातही बायकांनी पडद्यावर येणं सोपं नव्हतं. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोघी आल्या, आणि त्यांना कमलादेवी, सुशीलादेवी अशी नवी नावं दिली गेली. नाव बदलूनच पुढे यावं लागलं. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की इंग्रज सरकारने तो कापायला लावला. सरकारचं सिनेमाकडे लक्ष गेलं ते असं, कात्री घेऊन.

दुसऱ्यांदा लक्ष गेलं ते पैशाकडे. १९२३ मध्ये बाबूरावांचा ‘सिंहगड’ आला आणि थिएटरांवर झुंबड उडाली. एवढी गर्दी बघून सरकारला कर लावायची बुद्धी झाली, असं सिनेमाच्या इतिहासात सांगतात. ते असो वा नसो, मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा त्याच १९२३ साली झाला, हे नक्की. हा कर ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

बाबूरावांच्या एका चित्रावर थोडं जास्त बोलू, कारण तो आपल्या गटांचा विषय आहे. १९२५ चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार खोट्या कागदांच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन घशात घालतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीत मजुरीला जातो. देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची चित्रं चालत होती, त्या काळात कोणी कर्जाच्या कागदावर सिनेमा काढला. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी, ते तेव्हा कंपनीत पडेल ते काम करत. चित्र फारसं चाललं नाही म्हणतात. पण ज्या कंपनीला रोजच्या गल्ल्याच्या पलीकडे काही आधार आहे, तीच असं न चालणारं चित्र काढू शकते. बाबूरावांनी हीच गोष्ट १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा काढली, आणि ती कोणत्या स्टुडिओत काढली ते आता सांगतो.

१९२९ मध्ये बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, आणि पैसा घालणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी. त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ मध्ये त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि दुर्गा खोटे तारामती झाल्या. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली.

गावातला मोठा कारखाना दुसरीकडे गेला की काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सुतार, शिंपी, रंगारी, गवंडी, वीजवाले, घोडे सांभाळणारे, सगळ्यांचं काम एका दिवसात जातं. तेव्हा राजाराम महाराज गादीवर होते. त्यांनी प्रभात परत या म्हणून विनवण्या करत बसण्यापेक्षा १९३३ मध्ये दरबाराच्या पाठबळाने नवा स्टुडिओ उभा केला, कोल्हापूर सिनेटोन. महाराजांच्या भगिनी आक्कासाहेब महाराज यांनी दुसरा स्टुडिओ काढला आणि राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाने त्याला शालिनी सिनेटोन म्हटलं. बाबूराव पेंटरांनी ‘उषा’, बोलका ‘सावकारी पाश’ आणि ‘प्रतिभा’ ही चित्रं तिथेच केली. म्हणजे तानीबाईंच्या पैशाने सुरू झालेल्या माणसाला उतारवयाकडे जाताना दुसऱ्या एका बाईच्या स्टुडिओने हात दिला.

आणि फाळके? बोलपट आल्यावर त्यांचं काम थांबलं होतं. त्यांना कोल्हापूर सिनेटोनने बोलावलं. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा एकुलता एक बोलपट आणि शेवटचं चित्र. ज्या माणसाने पहिलं चित्र बायकोच्या दागिन्यांवर काढलं, त्याला शेवटच्या चित्रासाठी एका संस्थानची तिजोरी मिळाली.

त्या काळच्या स्टुडिओंबद्दल एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. तिथे माणसं महिन्याच्या पगारावर असत. नटी असो, सुतार असो, शिंपी असो, एक तारखेला पगार. चित्र चालू नसलं तरी माणूस कामावर असे, देखावे दुरुस्त होत, कपडे शिवले जात, नव्या पोराला शिकवलं जाई. शांताराम तसेच शिकले. सगळं गोड होतं असं मात्र नाही. पगारी माणसाला मालकाचं ऐकावंच लागे. प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला ठणकावणाऱ्या नीराचं काम करणाऱ्या शांता आपटे १९३९ मध्ये करारावरून खटका उडाला तेव्हा पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पडद्यावर बंड केलं की टाळ्या पडतात, फाटकाशी केलं की माणूस एकटं पडतं.

राजाश्रयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळा आधार एका घरावर असतो. राजाची आवड बदलली, राजा गेला, की खांब निसटतो. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले. दोन्ही सिनेटोन फार काळ टिकले नाहीत. शालिनीच्या जागेवर पुढे भूखंड पडले. कोल्हापूर सिनेटोनचा स्टुडिओ चाळीसच्या दशकात भालजी पेंढारकरांनी घेतला आणि त्याचं नाव झालं जयप्रभा. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने जयप्रभा जाळला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभा केला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आता आधार द्यायला राजा नव्हता आणि नव्या सरकारला सिनेमापेक्षा मोठी कामं होती. भालजी तरीही चित्रं काढत राहिले. खडकलाटसारख्या खेड्यातून आलेल्या मुलीला त्यांनी घडवलं, सुलोचना हे नाव दिलं, आणि ती पुढे साऱ्या देशाची पडद्यावरची आई झाली. पण मराठी चित्रांची संख्या रोडावत गेली. पैसा मुंबईत होता आणि हिंदीत होता.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. लवकरच राज्य चित्रपट पुरस्कार सुरू झाले. पुरस्कारांनी मान मिळाला, पोट भरलं असं म्हणता येणार नाही.

खरी मदत आली ती सत्तरच्या दशकात, आणि ती समजून घ्यायला तुमच्याइतकं लायक कोणी नाही. मघाचा तो करमणूक कर आठवतो ना? तिकिटाच्या पैशातला मोठा हिस्सा सरकारकडे जाई. सरकारने ठरवलं की मराठी निर्मात्याच्या चित्रावर जमा झालेला कर त्याला परत द्यायचा, पण त्याने पुढचं मराठी चित्र काढलं तर. करपरतावा योजना म्हणत तिला. आपल्या गटात कसं असतं? आधीचं कर्ज फेडलं की पुढचं मोठं कर्ज मंजूर होतं, म्हणजे पैसा फिरता राहतो, बाई थांबत नाही. तेच तत्त्व. पैसा घेऊन निर्मात्याला घरी बसता येत नव्हतं, काम काढावंच लागे. काम निघालं की सेट लावणारा, कपडे शिवणारी, जेवण देणारा, गर्दीच्या प्रसंगात उभी राहणारी, सगळ्यांपर्यंत काही ना काही पोचे. या योजनेने मराठी सिनेमा तगला असं जाणकार म्हणतात आणि आम्हालाही ते पटतं.

खोट एकच होती. ज्याचं चित्र तुफान चाललं त्याचा कर जास्त, म्हणून त्यालाच परतावा जास्त. दादा कोंडक्यांची चित्रं लागोपाठ रौप्यमहोत्सव करत होती, त्यांना योजनेची गरज कमी आणि लाभ मोठा. ज्याचं चित्र चांगलं असूनही पडलं, त्याच्या हाती काही नाही. ‘सावकारी पाश’ सत्तरच्या दशकात निघालं असतं तर त्याला परतावा किती मिळाला असता, विचार करा. पुढे नव्वदच्या दशकानंतर परताव्याची जागा थेट अनुदानाने घेतली. समिती चित्र बघते, दर्जा ठरवते. अलीकडच्या नियमांत ‘अ’ दर्जाच्या चित्राला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्राला ३० लाख रुपये अशी रक्कम राहिली. हा बदल न पडणाऱ्यांपेक्षा पडणाऱ्यांच्या बाजूचा होता, म्हणून चांगला. पण त्यात पुढचं चित्र काढायची अट राहिली नाही. ती अट जायला नको होती, असं आमचं मत. करमणूक कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विरून गेला, त्यामुळे जुनी योजना आता हवी म्हटलं तरी जशीच्या तशी आणता येणार नाही.

दुसऱ्या तऱ्हेची मदत म्हणजे जागा आणि इमारती. १९७७ मध्ये राज्य सरकारने चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ काढलं आणि मुंबईत गोरेगावला चित्रनगरी वसवली. तिला आता दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. ती चालली, कारण दाराबाहेरच हिंदी सिनेमाचा सगळा बाजार होता. मग कोल्हापूरलाही चित्रनगरी हवी, अशी मागणी झाली आणि ती रास्त होती. ऐंशीच्या दशकात शहराजवळ मोरेवाडीला सुमारे ७८ एकर माळ तिच्यासाठी घेतला गेला.

तो माळ कित्येक वर्षं माळच राहिला. इमारत झाली, महामंडळ झालं, पाटी लागली, पण चित्रीकरण तुरळक. आपल्याकडे असे बाजार-ओटे बांधलेले तुम्ही पाहिले असतील. बचत गटांच्या विक्रीसाठी पत्र्याचे गाळे, उद्घाटनाची कोनशिला, आणि आत शेळ्या. ओटा बांधला की बाजार भरतो असं सरकारला वाटतं. बाजार भरायला गिऱ्हाईक लागतं, वाहन लागतं, ठरलेला वार लागतो. कोल्हापूरच्या चित्रनगरीला गिऱ्हाईक मिळालं ते सिनेमामुळे नव्हे, मालिकांमुळे, तेही तीसेक वर्षांनी.

टीव्हीची गोष्ट थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तो सरकारचाच स्टुडिओ, सरकारचाच पगार. पुण्यातली प्रभातची जुनी जागाही केंद्र सरकारने घेतली होती, तिथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट निघालं आणि पुढे टीव्हीवाल्यांचं शिक्षणही तिथेच आलं. १९९९ मध्ये खासगी मराठी वाहिनी आली, मग एकामागून एक. मालिका रोज लागते, म्हणून चित्रीकरण रोज लागतं. आणि मुंबईतल्या सेटवरच्या गावापेक्षा खरं गाव बघायला लोकांना आवडतं, हे वाहिन्यांच्या लक्षात आलं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’साठी करवीर तालुक्यातल्या वसगडे गावातला वाडा घेतला गेला. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मालिकांच्या गाड्या फिरू लागल्या. २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा जोतिबा’चा सेट मोरेवाडीच्या चित्रनगरीत लागला. सरकारने तिथे दुरुस्त्या केल्या, नवे देखावे उभारले. माळावर माणसं दिसू लागली.

वसगड्यात मात्र गर्दीचा त्रासही झाला. वाडा बघायला लोक गाड्या भरून येऊ लागले, गावाच्या रस्त्यावर कोंडी, आणि चित्रीकरणाला विरोध झाला. पाहुणा येऊन चहा पिऊन गेला तर गोड वाटतं, मुक्काम ठोकला की पाण्याची घागर मोजावी लागते. तेव्हा वाड्याच्या मालकाला भाडं मिळतं, पण गर्दी सोसणाऱ्या गल्लीला काय, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला तो बरोबर होता. सरकारच्या कुठल्याही अनुदानाच्या कागदात गल्लीचा रकाना नसतो.

याच सुमारास जुन्या जयप्रभाचं काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. भालजींच्या अडचणीच्या काळात स्टुडिओची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली होती आणि नंतरही अनेक वर्षं तिथे चित्रीकरण होत राहिलं. लताबाई लहानपणी कोल्हापुरात राहिलेल्या, मास्टर विनायकांच्या कंपनीत कामं केलेल्या. पण सिनेमा कमी झाला आणि जागेचे भाव वाढले. उरलेली जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, तेव्हा मराठी चित्रपट महामंडळाच्या लोकांनी आणि कोल्हापूरकरांनी फाटकाशी साखळी उपोषण केलं. दरबाराने ही जागा सिनेमासाठी दिली होती, तिथे दुसरं काही होऊ नये, हे त्यांचं म्हणणं. एका बाजूला मोरेवाडीला सरकारी स्टुडिओसाठी कोट्यवधींचे आराखडे आणि दुसऱ्या बाजूला गावाच्या मध्यात ज्या स्टुडिओत साठ-सत्तर वर्षं खरोखर काम झालं त्याला कुलूप. आम्हाला यातलं गणित काही जुळवता आलं नाही.

भिंती माणसांना धरून ठेवत नाहीत, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये तर सगळ्यांनी पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं. मालिकांच्या कंपन्यांनी आठवड्याभरात बाडबिस्तरा उचलला आणि गोवा, हैदराबाद, गुजरात गाठलं. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली, तेव्हा पुन्हा पळापळ. मोठे नट, कॅमेरे, दिग्दर्शक गेले. स्वयंपाकाच्या बाया, इस्त्रीवाले, गर्दीच्या प्रसंगाला रोजावर येणारी माणसं इथेच राहिली. पूर्वीच्या स्टुडिओत ती पगारावर होती, आता ती फोन आला तर जाणारी.

या माणसांसाठी कायदा नाही असं नाही. १९८१ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एकाने सिनेकामगाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर ठेवायला मनाई केली. दुसऱ्याने सिनेकामगारांसाठी कल्याण निधी काढला. दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती. सोलापूरकडच्या, सिन्नरकडच्या आपल्या विडी वळणाऱ्या बहिणींना ज्या कामगार कल्याण खात्याचे दवाखाने माहीत आहेत, तेच खातं हे काम बघतं. विडी कामगारांकडे ओळखपत्र असतं, म्हणून त्या दवाखान्यात जाऊ शकतात. सिनेमाच्या कामावर चार दिवस भाकरी थापायला गेलेल्या बाईकडे कसलाच कागद नसतो, म्हणून तिच्यासाठी हा निधी असून नसल्यासारखा. तुमच्या गावात कधी चित्रीकरण आलं आणि गटाने जेवणाचं काम घेतलं, तर ताटाचा दर, ताटांची संख्या, पैसे कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यावर, हे कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर आधी लिहून घ्या. निम्मी रक्कम आगाऊ. आणि त्या जागी कोणी छेडछाड केली तर जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते, २०१३ च्या कायद्याने. रोजंदारीवरची बाईही तिच्याकडे जाऊ शकते.

कागदाची ताकद किती, याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. तिथे चित्रपटातल्या रंगभूषा करणाऱ्यांची संघटना बायकांना रंगभूषाकार म्हणून ओळखपत्रच देत नसे. बायकांनी केस विंचरावेत, चेहरा रंगवायचं काम पुरुषांचं, असा नियम. ओळखपत्राशिवाय सेटवर काम करू देत नसत. हा नियम चोरून चाललेला नव्हता. ज्या नियमावलीत तो होता, ती सरकारच्या कामगार संघटना निबंधकाने मंजूर केलेली होती. चारू खुराणा आणि इतर काही जणी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ ला न्यायालयाने तो नियम घटनेविरुद्ध ठरवून काढून टाकायला लावला आणि या बायकांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व द्या असं सांगितलं. मुंबईत पहिलं मराठी चित्र निघून तेव्हा शंभर वर्षं उलटली होती, आणि गोरेगावची सरकारी चित्रनगरी सुरू होऊन सदतीस.